साडेएकोणीस आटे

रात्री अडीचला, फोर्टातल्या बँकेच्या तळघरात
मॅन्युअलचं ते पान मी तिसऱ्यांदा वाचते.
शेजारचा होशंग म्हणतो, फ्री-ओपन.
फ्री नाही रे, एफ-रीओपन.
फुकटात काहीच उघडत नाही यात.

प्रोग्राम माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
लिहिणारे कोणी टिपणीस, निवृत्त होऊन नाशिकला गेले.
चारशे ठिकाणी त्यांनी म्हटलंय, छाप,
आणि एकदाही सांगितलं नाही, कुठे.
गरज नव्हती. समोर पडदा होता, पडद्यासमोर माणूस.
आता रात्रपाळीला माणूस नाही, म्हणून पडदाही काढला.
सगळं बोलणं एका फाइलीत वळवायचं आहे
टिपणीसांच्या एकाही ओळीला हात न लावता.

ते जमतं.
प्रवाहाचं नाव तेच राहतं, पॉइंटर तोच,
आतला पाइप तेवढा बदलतो.
बोलणाऱ्याला कळतही नाही
आपण आता कोणाशी बोलतोय ते.

दादांची नोकरी हीच होती.
वामन घरत, चावीवाले, पाणीखातं, भांडुप.
खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी,
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उचलायचं
आणि साडेएकोणीस आटे उजवीकडे:
टेंभीपाडा बंद.
पलीकडच्या खड्ड्यात तितकेच डावीकडे:
कोकणनगर चालू.
घरातल्या नळाला यातलं काय ठाऊक?
तो दोनदा खाकरतो, मग बोलू लागतो.

मंगळवारी मी वळवलं.
ज्या फोल्डरचं नाव दिलं
तो त्या मशीनवर नव्हताच.
उत्तर आलं शून्य. मी ते बघितलं नाही.
नवीन उघडलं नाही, हे एक.
पण जुनं तोवर बंद करून टाकलेलं,
हे पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.
रात्रभर प्रोग्राम बोलत राहिला,
अकरा हजार ओळी,
व्याज बरोबर, बेरजा बरोबर,
आणि ऐकायला कोणी नाही.
सकाळी गद्रेबाई आल्या, रिकामी ट्रे बघून म्हणाल्या,
काल काही झालंच नाही का?

शहाण्णव साली दादांनी जुनी लाइन बंद केली
आणि नवी उघडली, तर नव्या पाइपात
कंत्राटदाराने विसरलेला लाकडी बुच.
दोन वस्त्या कोरड्या. ऑफिसच्या दारात हंडे,
हंड्यांमागे बाया, बायांमागे नगरसेवक.
दादांच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे:
आटे बरोबर. चूक माझी.
(मी ते पान लहानपणी विमान करायला फाडलं होतं.
आईने इस्त्री फिरवून परत चिकटवलं.)

आज आधी बफरात तुंबलेलं सांडून दिलं.
मग जुन्या वाटेची एक प्रत काढून
बाजूला ठेवली, तिला नंबर मिळाला सात.
मग वळवलं. मग उत्तर बघितलं.
मग पुन्हा एकदा बघितलं.
चुकांचा प्रवाह मात्र हलवला नाही.
तो आईसारखा आहे, बफर नाही,
जे आलं ते त्याच क्षणी जिन्यात.
असं एक तोंड घरात उघडं असलेलं बरं.

होशंग विचारतो, परत मूळ जागी आणायचं झालं तर?
सात नंबर आहे, मी म्हणते.
तो ठेवला नसता तर?
पुस्तकात नाही. पुस्तक तिथे गप्प बसतं.

घरी पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं.
दादा जागे, अंधारात खाटेवर बसलेले,
उजवी मूठ चादरीवर सावकाश फिरतेय.
मी काही बोलणार, तर हात वर केला: थांब.
मोरीतला नळ खाकरला. एकदा. दुसऱ्यांदा.
मग पाणी आलं, बारीक धारेने.

दादा ऐकत राहिले.
मग म्हणाले,
कोण बसवलंय त्यांनी तिथे?
अठराच फिरवतंय पोरगं.